फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेसबिटेरियन चर्च
फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेसबिटेरियन चर्च : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राजधानीत, वॉशिंग्टन डी. सी. येथे, कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेली पहिली प्रेसबिटेरियन मंडळी. स्थापना २१ नोव्हेंबर १८४१. ‘वॉशिंग्टनचे पहिले कृष्णवर्णीय प्रेसबिटेरियन चर्च’ असे तिचे मूळ नाव. शहराच्या वायव्य भागातील पंधराव्या रस्त्यावर तिचे उपासनामंदिर असल्यामुळे तिला पुढे प्रस्तुत नाव रूढ झाले. सभासदसंख्येच्या दृष्टीने ही मंडळी शहरातील मेथडिस्ट व बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मानाने नेहमीच लहान राहिली. तथापि गुलामगिरीच्या काळातील खाजगी शाळा, यादवी युद्धातील निर्वासितांचे साहाय्य आणि कृष्णवर्णीयांसाठी निघालेले देशातील पहिले सार्वजनिक माध्यमिक विद्यालय या तिन्ही गोष्टींशी तिचा निकटचा संबंध आल्याने अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात तिला तिच्या आकाराहून कितीतरी मोठे स्थान प्राप्त झाले आहे.

पंथ व त्याची घटना : ‘वडील’ या अर्थाच्या ‘प्रेसबिटेरॉस’ या ग्रीक शब्दावरून प्रेसबिटेरियन हे नाव आले आहे. जॉन कॅल्व्हिनची शिकवण व जॉन नॉक्सने स्कॉटलंडमध्ये घडवून आणलेली धर्मसुधारणा यांतून हा पंथ उदयास आला. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपल्यातील काही गृहस्थांना वडील म्हणून निवडते. पाळक व हे वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात. एका प्रदेशातील अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील यांची मिळून प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर महासभा अशी ही चढती रचना आहे. पाळकाची दीक्षा प्रेसबिटरी देते व ती देण्यापूर्वी उमेदवाराची बायबल, धर्मशास्त्र व प्राचीन भाषा या विषयांत परीक्षा घेते. विद्येवरील हा भर या पंथाचे भूषण मानला जातो. परंतु ज्या समाजाला अक्षरओळखही नाकारण्यात आली होती, त्याच्या दृष्टीने हीच अट मोठा अडसर ठरली. अंतःप्रेरणा झालेल्या कोणाही श्रद्धावंताला उपदेशाची मुभा देणारे मेथडिस्ट व बॅप्टिस्ट पंथ कृष्णवर्णीयांत झपाट्याने पसरले आणि प्रेसबिटेरियन पंथ मागे राहिला, यामागे हे एक प्रमुख कारण आहे. जेथे कृष्णवर्णीयांची प्रेसबिटेरियन मंडळी उभी राहिली, तेथे बहुधा आधी शाळा व मग मंडळी असा क्रम दिसतो. वॉशिंग्टनमध्ये तो अगदी शब्दशः खरा ठरला.

गुलामगिरीविषयी या पंथाची भूमिका एकसूत्री नव्हती. १८१८ च्या महासभेने गुलामगिरीचा तात्त्विक निषेध केला. मात्र त्याच अधिवेशनात गुलामांच्या मालकांवर कठोर टीका करणाऱ्या जॉर्ज बोर्न या धर्मोपदेशकाची पदच्युती तिने कायम केली. गोऱ्यांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना सज्जात बसावे लागे. प्रभुभोजनाचे वेळीही त्यांची पाळी शेवटी येई. या वागणुकीला कंटाळून ठिकठिकाणी त्यांनी स्वतंत्र मंडळ्या स्थापण्यास प्रारंभ केला. त्यांतील पहिली प्रेसबिटेरियन मंडळी फिलाडेल्फिया येथे जॉन ग्लॉस्टर यांच्या नेतृत्वाखाली १८०७ मध्ये निघाली.

स्थापना : वॉशिंग्टनमधील मंडळीचे संस्थापक जॉन फ्रान्सिस कुक (सु. १८१०–५५) हे जन्माने गुलाम होते. त्यांची मावशी अलेथिया टॅनर ही भाजीपाला विकून पैसे साठवीत असे. अध्यक्षीय निवासाजवळच्या चौकात तिचा व्यवसाय चाले. १८१० साली सु. १,४०० डॉलर भरून तिने प्रथम स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि पुढे बहीण व बहिणीची मुले यांना एकामागून एक सोडवून आणले. जॉन कुक यांची मुक्तता १८२६ मध्ये झाली. त्यांनी काही वर्षे चांभारकाम करून मावशीचे पैसे फेडले, नंतर एका सरकारी कचेरीत निरोप्याची नोकरी पत्करली व फावल्या वेळात अभ्यास केला. हेन्री स्मदर्स या कृष्णवर्णीय गृहस्थाने काढलेल्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले होते. १८३४ मध्ये तीच शाळा त्यांनी चालवावयास घेतली व तिला ‘युनियन सेमिनरी’ असे नाव दिले.

राजधानीतील तत्कालीन परिस्थिती विलक्षण होती. काँग्रेसच्या इमारतीपासून जवळच गुलामांचे कोंडवाडे होते. तेथील गुलामांचा व्यापार कायद्याने बंद होण्यास १८५० साल व खुद्द गुलामगिरी नष्ट होण्यास १८६२ साल उजाडावे लागले. मुक्त कृष्णवर्णीयांना मुक्ततेचा दाखला जवळ बाळगावा लागे. त्यांच्याकडून कर घेतला जाई, पण त्यांच्या मुलांना सार्वजनिक शाळेत प्रवेश नसे. मात्र दक्षिणेतील अनेक राज्यांप्रमाणे त्यांना शिकविणे हा गुन्हा मानला जात नसे. या एवढ्याशा फटीतून कुक यांच्यासारख्यांनी आपल्या शाळा चालविल्या.

ती फटही बुजविण्याचा प्रयत्न १८३५ मध्ये झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोऱ्या जमावाने बेव्हर्ली स्नो या कृष्णवर्णीय उपाहारगृहचालकाच्या दुकानाची नासधूस केली व नंतर तो शाळा आणि घरे यांकडे वळला. ‘स्नो दंगल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात कुक यांच्या शाळेतील सामानाची मोडतोड झाली. स्वतः कुक यांना जीव वाचविण्यासाठी घोड्यावरून पेनसिल्व्हेनियात पळून जावे लागले. तेथे कोलंबिया या गावी त्यांनी वर्षभर अध्यापन केले आणि १८३६ मध्ये ते परत येऊन पुन्हा त्याच शाळेत शिकवू लागले. दंगलखोरांनी आपला रोख शाळेवर धरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अक्षरज्ञान झालेला मुक्त कृष्णवर्णीय हा गुलामगिरीच्या समर्थनाचे चालतेबोलते खंडन होता.

कुक काही काळ आफ्रिकन मेथडिस्ट पंथीयांत कार्य करीत होते. १८४१ मध्ये त्यांनी प्रेसबिटेरियन मताच्या कृष्णवर्णीयांना एकत्र आणले. मंडळीची स्थापना त्यांच्या शाळागृहातच झाली. १८४३ मध्ये प्रेसबिटरीची परीक्षा उतरून त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मृत्यूपर्यंत ते रविवारी धर्मोपदेशक व इतर दिवशी शाळामास्तर अशी दोन्ही कामे करीत राहिले. त्यांच्या पश्चात जॉन (धाकटे) व जॉर्ज या त्यांच्या मुलांनी शाळा पुढे चालविली.

यादवी युद्धाचा काळ : एप्रिल १८६२ मध्ये काँग्रेसने मालकांना नुकसानभरपाई देऊन राजधानीतील गुलामांना मुक्त केले. तत्पूर्वीच व्हर्जिनिया व मेरिलंडमधून पळालेले हजारो गुलाम उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला येऊ लागले होते. शत्रूची जप्त केलेली मालमत्ता या अर्थी त्यांना लष्करी परिभाषेत ‘काँट्राबँड’ म्हणत. त्यांना स्वातंत्र्य मिळाले होते, पण त्यांना अन्न, वस्त्र वा निवारा नव्हता. छावण्यांत देवीच्या साथीने माणसे मरत. शहरातील सुस्थितीतील कृष्णवर्णीय या खेडवळ बांधवांविषयी प्रथम काहीसे साशंक होते. त्यांना मदतीस प्रवृत्त करण्याचे मोठे श्रेय एलिझाबेथ केक्ली (१८१८–१९०७) यांच्याकडे जाते. त्या जन्माने गुलाम होत्या. शिवणकामाच्या बळावर १,२०० डॉलर भरून त्यांनी स्वतःची व मुलाची सुटका करून घेतली होती आणि अध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवण्याचे काम मिळविले होते. १८६२ मध्ये त्यांनी आपल्या धर्मबांधवांपुढे कल्पना मांडून निर्वासितांसाठी साहाय्य संघ स्थापिला. दोन आठवड्यांत त्याला चाळीस कार्यकर्ते मिळाले. श्रीमती लिंकन यांनी दोनशे डॉलर दिले. फ्रेडरिक डग्लस यांनीही तेवढीच रक्कम दिली व संघासाठी व्याख्याने केली. फिफ्टीन्थ स्ट्रीट चर्चच्या सभासदांचा या कामी पुढाकार होता. खुद्द केक्ली या पुढे याच मंडळीच्या सभासद झाल्या. गोऱ्या दात्यांच्या साहाय्यक संस्था त्या काळी पुष्कळ होत्या. कालपर्यंत गुलाम असलेल्यांनी आज मुक्त झालेल्यांसाठी उभारलेला हा संघ त्यांत वेगळा उठून दिसतो.

१८६४ मध्ये हेन्री हायलँड गार्नेट (१८१५–८२) हे मंडळीचे पाळक झाले. मेरिलंडमध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या गार्नेट यांना घेऊन त्यांचे कुटुंब १८२४ मध्ये उत्तरेकडे निसटले होते. १८४३ मध्ये बफालो येथील परिषदेत त्यांनी गुलामांना उघड प्रतिकाराचे आवाहन केले, तेव्हा डग्लस यांनाही ते अतिरेकी वाटले होते. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहाने संमत केली. त्याच सभागृहात १२ फेब्रुवारी १८६५ रोजी, रविवारी, या प्रसंगाला अनुलक्षून गार्नेट यांचे प्रवचन झाले. तेथे बोलणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. उपासनेतील गायन त्यांच्याच मंडळीच्या गायकवृंदाने केले. श्रोत्यांत गोरे व काळे शेजारी शेजारी बसले होते, हीही त्या सभागृहातील अपूर्वच गोष्ट होती. गुलामगिरीचे स्तोत्र गाणाऱ्या विधिज्ञांना व धर्मोपदेशकांना शास्त्री-परूश्यांची उपमा देऊन गार्नेट यांनी केवळ मुक्ततेवर न थांबता मताधिकार, समान कायदा व शिक्षण यांची मागणी केली. १८६६ मध्ये त्यांनी ही मंडळी सोडली.

माध्यमिक विद्यालय : मंडळीच्या इतिहासातील सर्वांत फलद्रूप घटना उपासनामंदिरात न घडता त्याच्या तळघरात घडली. १८६२ च्या कायद्याने वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या मुलांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली होती. १८६८ पासून संस्थापकांचे पुत्र जॉर्ज कुक हे या शाळांचे अधीक्षक होते व ते पद त्यांनी १९०० पर्यंत सांभाळले. ते आणि शाळामंडळाचे विश्वस्त विल्यम सायफॅक्स यांच्या प्रयत्नाने नोव्हेंबर १८७० मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी पूर्वतयारीचे माध्यमिक विद्यालय सुरू झाले. त्याला स्वतःची इमारत नव्हती. म्हणून फिफ्टीन्थ स्ट्रीट चर्चच्या तळघरात वर्ग भरू लागले. कृष्णवर्णीयांसाठी सार्वजनिक खर्चाने चालणारे देशातील हे पहिले माध्यमिक विद्यालय होय.

चर्चमधील वास्तव्य अल्पकाळ टिकले. १८७१ मध्ये विद्यालयाला दुसरी जागा मिळाली. १८९१ मध्ये एम् रस्त्यावर त्याची स्वतंत्र इमारत झाली आणि १९१६ मध्ये नव्या वास्तूत जाताना त्याला कवी पॉल लॉरेन्स डनबार याचे नाव देण्यात आले. पदवी घेणारी अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय महिला मानल्या जाणाऱ्या मेरी जेन पॅटर्सन (ओबर्लिन महाविद्यालय, १८६२) यांनी सुरुवातीच्या काळात मुख्याध्यापकपद भूषविले. मध्यंतरी एक वर्ष हार्व्हर्डचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रिचर्ड ग्रीनर त्या पदावर होते. पुढे ॲना जूलिया कूपर, इतिहासकार कार्टर वुडसन यांसारख्यांनी येथे अध्यापन केले. माध्यमिक शाळेला असे विद्वान लाभण्याचे कारण काहीसे खेदजनक आहे. उच्च पदव्या मिळवूनही विद्यापीठांची व सरकारी खात्यांची दारे त्यांना बंद होती. मात्र वॉशिंग्टनच्या शाळांत गोऱ्या व कृष्णवर्णीय शिक्षकांना समान वेतन मिळत असल्याने देशभरातील बुद्धिमंत तेथे येत. विभक्त शाळांच्या विरोधातील न्यायालयीन लढ्याचे सूत्रधार चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, रक्तद्रव्याच्या साठवणीसंबंधी संशोधन करणारे चार्ल्स ड्रू, न्यायाधीश विल्यम हेस्टी, अध्यक्षांच्या मंत्रिमंडळातील पहिले कृष्णवर्णीय सदस्य रॉबर्ट वीव्हर आणि सिनेटर एडवर्ड ब्रुक हे या विद्यालयाचे काही विद्यार्थी होत. वॉशिंग्टनमधील विभक्त शाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. ज्या भेदभावामुळे हे विद्यालय निघाले, तो मोडून काढणारे वकील त्याच विद्यालयात घडले.

ग्रिम्के यांची कारकीर्द : १८७८ ते १८८५ व पुन्हा १८८९ ते १९२८ असा सु. पंचेचाळीस वर्षांचा काळ फ्रान्सिस जेम्स ग्रिम्के (१८५०–१९३७) हे मंडळीचे पाळक होते. मधली चार वर्षे त्यांनी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे घालविली. त्यांचा जन्म दक्षिण कॅरोलायनातील एका गोऱ्या जमीनदाराच्या पोटी, नॅन्सी वेस्टन या गुलाम स्त्रीपासून झाला. पित्याच्या मृत्यूनंतर सावत्र भावाने त्यांना गुलाम म्हणून राबविले व अखेर एका लष्करी अधिकाऱ्याला विकले. युद्धानंतर उत्तरेत शिकत असता, गुलामगिरीविरोधी चळवळीतील प्रसिद्ध भगिनी सारा व अँजेलिना ग्रिम्के या आपल्या आत्या आहेत, हे उघड झाले. आत्यांनीही हे नाते मोकळेपणाने मान्य करून भाच्यांना शिक्षणासाठी मदत केली. लिंकन विद्यापीठाची पदवी (१८७०) व प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राचे शिक्षण (१८७८) संपवून ग्रिम्के वॉशिंग्टनला आले. त्याच वर्षी युद्धकाळात मुक्त गुलामांना शिकविण्यासाठी सागरी बेटांवर गेलेल्या शार्लट फोर्टन या लेखिकेशी त्यांचा विवाह झाला. मंडळीतील स्त्रियांच्या सेवाकार्याला त्यांनी वळण दिले.

ग्रिम्के हे आचारनिष्ठेविषयी अत्यंत काटेकोर होते. मद्यपानाला त्यांचा कडवा विरोध होता आणि श्रोत्यांच्या भावना चेतविणाऱ्या उपदेशापेक्षा विवेकाला पटेल असा उपदेश त्यांना अभिप्रेत होता. परंतु वैयक्तिक नीतीवर भर देताना सामाजिक अन्यायाकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. १८८४ मध्ये डग्लस यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी विवाह केला तेव्हा दोन्ही समाजांतून टीकेचे मोहोळ उठले. तो विवाह ग्रिम्के यांनीच लावला होता. जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांवर त्यांनी १८९९ मध्ये प्रवचनमाला दिली. अशी प्रवचने छापून ते देशभर पाठवीत. त्यामुळे काहीशे लोकांच्या मंडळीचे व्यासपीठ राष्ट्रीय बनले. कृष्णवर्णीय विद्वानांच्या १८९७ मध्ये स्थापन झालेल्या अकादमीचे ते एक प्रवर्तक होते. १९०९ मध्ये ज्या आवाहनातून कृष्णवर्णीयांच्या प्रगतीसाठी झटणारी राष्ट्रीय संघटना (एनएएसीपी) उदयास आली, त्यावरही त्यांची सही होती.

स्वतःच्या पंथाशीही त्यांनी झगडा केला. उत्तरेकडील प्रेसबिटेरियन चर्चने दक्षिणेतील कंबरलंड प्रेसबिटेरियन चर्चशी १९०६ मध्ये विलीनीकरण केले. त्यासाठी गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या वेगवेगळ्या प्रेसबिटऱ्या असण्यास मान्यता देण्यात आली. ऐक्याची ही किंमत ग्रिम्के यांनी अमान्य केली. महासभेने मात्र ती मोजली. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन यांच्या प्रशासनाने सरकारी कचेऱ्यांत वर्णानुसार विभाजन सुरू केले, तेव्हा ग्रिम्के यांनी त्यांना पत्र लिहून निषेध कळविला. विल्सन हे स्वतः प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकाचे पुत्र, शिवाय प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. एकाच पंथाचे आणि एकाच गावी विद्येशी संबंध आलेले हे दोघे. मंडळीतील अनेक सभासद सरकारी कारकून असल्याने हा प्रश्न तिच्या दृष्टीने पोटापाण्याचाही होता.

मंडळीचे स्वरूप व मर्यादा : शिक्षक, वैद्य, वकील व कारकून यांचा या मंडळीत भरणा असल्याने तिच्यावर उच्चभ्रूपणाचा आक्षेप घेतला जाई. उजळ वर्णाच्या, पिढ्यान्‌पिढ्या मुक्त असलेल्या घराण्यांची ही मंडळी आहे, असे बोलले जात असे. या आक्षेपात तथ्यांश आहे. विद्येची अट असलेला पंथ, शांत उपासनापद्धती आणि काटेकोर शिस्त यांमुळे नव्याने आलेला मजूरवर्ग सहसा तिच्याकडे वळला नाही. तिचे सेवाकार्य मात्र सभासदांपुरते मर्यादित राहिले नाही. शाळेचा लाभ शहरातील सर्व पंथांच्या मुलांना झाला आणि तेच तिच्या कार्याचे योग्य माप ठरते.

याच पंथाच्या इतर शाखांचा महाराष्ट्राशी आलेला संबंधही येथे नमूद करण्याजोगा आहे. ज्या अमेरिकन प्रेसबिटेरियन चर्चची ही मंडळी घटक होती, त्याच्याच मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर व मिरज येथे कार्य केले. मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय हे त्याचेच फळ. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या, म्हणजे स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियनांच्या, शाळेत जोतीराव फुले १८४१ मध्येच दाखल झाले होते. गुलामगिरी (१८७३) हा आपला ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. वॉशिंग्टनमधील मंडळीशी फुले यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता; तथापि शिक्षणबंदी हाच दास्याचा पाया आहे, हा विचार दोन्हीकडे एकाच सुमारास मूळ धरीत होता.

उत्तरकाल : ग्रिम्के यांच्यानंतरही मंडळीचे कार्य चालू राहिले. विसाव्या शतकात तिने आपले मूळ स्थान सोडले व त्याच रस्त्यावर उत्तरेकडे, आर रस्त्याच्या कोपऱ्यावर स्थलांतर केले. यादवी युद्धाच्या वेळी फुटलेले उत्तर व दक्षिणेकडील प्रेसबिटेरियन चर्च १९८३ मध्ये एकत्र आले. आता ही मंडळी त्या संयुक्त चर्चचा भाग आहे. डनबार विद्यालयाची १९१६ ची वास्तू १९७७ मध्ये पाडण्यात आली व २०१३ पासून ते नव्या इमारतीत भरते. ग्रिम्के यांची प्रवचने, पत्रे व टिपणे कार्टर वुडसन यांनी संपादून १९४२ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केली. त्यांची कागदपत्रे वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात जतन करण्यात आली आहेत.